फॅशनचे चित्र आणि खरेदीची इच्छा
(एकोणिसाव्या शतकातील फॅशनचित्रांचा एक अभ्यास)

माझी आई घरी शिवणकाम करते. आमच्या बाहेरच्या खोलीत तिचे पायाचे मशीन आहे आणि त्याच्या वरच्या भिंतीवर कित्येक वर्षे ब्लाऊजच्या गळ्यांचा एक छापील तक्ता टांगलेला होता. पानगळा, मटकागळा, चौकोनी गळा. येणारी बाई तक्त्यावर बोट ठेवी आणि म्हणे, "हा." पुढे तक्ता पिवळा पडला, फाटला. आता मुली मोबाईलवर चित्र घेऊन येतात. गेल्या लग्नसराईत अशीच एक मुलगी आली, चित्र दाखवून म्हणाली, "काकू, अगदी असंच पाहिजे. जरासुद्धा फरक नको." आईने चित्र पाहिले, मग मुलीकडे पाहिले आणि म्हणाली, "अगं, चित्रातल्या पोरीला श्वास घ्यायचा नसतो. तुला दिवसभर मांडवात वावरायचंय."

ब्लाऊज मापात बसला, पण चित्रासारखा दिसला नाही. मुलीने निम्मीच शिलाई दिली. आईने काही म्हटले नाही. मला मात्र वाईट वाटले. आईचे काम चांगले होते, कापड चांगले होते, माप बरोबर होते. मग चुकले कोण? त्या वेळी मी एकोणिसाव्या शतकातील युरोपच्या इतिहासाच्या पेपरासाठी टिपणे काढत होतो. आमच्या सरांनी सुचवले, "तुझ्या घरातलाच प्रश्न आहे, तोच घे." त्यातून हा लेख झाला. परदेशातील ग्रंथालयांनी आपले जुने अंक संगणकावर सर्वांना खुले केले आहेत, त्यामुळे ती चित्रे मला आमच्या गावात बसून पाहता आली.

फॅशनचित्र म्हणजे काय?

माणसाचे चित्र आणि फॅशनचे चित्र यांत एक मूलभूत फरक आहे. व्यक्तिचित्रात पोशाख त्या व्यक्तीची ओळख पटवण्यासाठी येतो. फॅशनचित्रात व्यक्ती येते ती पोशाख दाखवण्यासाठी. तिला नाव नसते, वय नसते, भूतकाळ नसतो. आणि दुसरी गोष्ट म्हणजे, हे चित्र 'काय होते' हे सांगत नाही. 'आता काय हवे' हे सांगते.

अशा चित्रांची नियमित प्रथा अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये पडली. १७८५ साली पॅरिसमध्ये 'काबिने दे मोद' हे नियतकालिक निघाले. त्यात हाताने रंगवलेली पोशाखांची चित्रे ठरलेल्या मुदतीने वर्गणीदारांना मिळू लागली. राज्यक्रांतीच्या धामधुमीनंतर १७९७ मध्ये 'जुर्नाल दे दाम ए दे मोद' सुरू झाले आणि ते पुढे चाळीसएक वर्षे चालले. लंडनमध्ये रुडॉल्फ आकरमान या प्रकाशकाने १८०९ पासून आपल्या 'रिपॉझिटरी ऑफ आर्ट्स' या मासिकात पोशाखांची चित्रे तर दिलीच, पण काही पानांवर खऱ्या कापडाचे छोटे तुकडेही चिकटवून दिले. वाचकाने चित्र पाहावे, मग बोटांनी कापड चाचपावे आणि मग दुकानाचा पत्ता वाचावा, अशी ही योजना होती. पुढच्या शंभर वर्षांची सारी बाजारपेठ त्या चिकटवलेल्या तुकड्यात बीजरूपाने दिसते, असे मला वाटते.

अमेरिकेत १८३० साली फिलाडेल्फियात लुई गोडी याने 'गोडीज लेडीज बुक' काढले. १८३७ पासून चाळीस वर्षे सारा जोसेफा हेल या विदुषी त्याच्या संपादक होत्या. वर्षाची वर्गणी तीन डॉलर, म्हणजे त्या काळी काही थोडी नव्हे. तरीही १८६०च्या सुमारास या मासिकाचा खप दीड लाखांच्या आसपास गेला होता. एक अंक अनेक घरांत फिरत असणार हे लक्षात घेतले, तर ही चित्रे किती डोळ्यांखालून गेली असतील याची कल्पना येते.

चित्रामागचे हात

या चित्रांना कलेच्या इतिहासात फारसे मानाचे पान मिळालेले नाही. 'बायकी' आणि 'धंद्याची' अशी दोन दूषणे त्यांना एकदमच लागली. परंतु ती काढली कोणी हे पाहू गेले, तर एक सुखद आश्चर्य वाटते. पॅरिसमधील चित्रकार अलेक्सांद्र कोलँ यांच्या मुली एलोईझ लेलुआर, अनाईस तुदूझ आणि लॉर नोएल या तिघींनी दशकानुदशके फॅशनचित्रे काढली. अनाईसची मुलगी इझाबेल हीदेखील याच व्यवसायात आली. बायकांना चित्रकलेच्या सरकारी विद्यालयाचे दरवाजे बंद होते, त्या काळात या बहिणी घरीच वडिलांपाशी शिकल्या, संसार आणि मुले सांभाळून ठरल्या तारखेला चित्र देत राहिल्या आणि प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आपली सही करत राहिल्या. त्यांची चित्रे इंग्लंड-अमेरिकेतील मासिकांतूनही पोचली. पुरुषांमध्ये झ्यूल दाव्हिद हे नाव मोठे. १८४३ मध्ये सुरू झालेल्या 'मोनितर द ला मोद'साठी त्यांनी आयुष्यभर चित्रे काढली.

चित्रकाराने जलरंगात चित्र काढून दिले की खोदकाम करणारा कारागीर ते तांब्याच्या किंवा पोलादाच्या पत्र्यावर कोरी. त्यावरून काळ्या रेषांचे ठसे छापले जात. रंग मात्र शतकाच्या उत्तरार्धापर्यंत हातानेच भरावे लागत. हे काम बहुतेक बायका आणि मुली करत. समोर एक नमुना ठेवलेला असे; एकीने निळा भरायचा, दुसरीने गुलाबी, तिसरीने चेहऱ्याचा रंग, आणि कागद हातोहात पुढे सरकवायचा. 'गोडीज'साठी असे रंग भरणाऱ्या स्त्रियांची संख्या दीडशेच्या घरात होती, असे सांगतात. त्यामुळे एकाच महिन्याच्या दोन प्रतींत एकाच झग्याचे रंग वेगवेगळे निघत. वर्गणीदार बायका अंक शेजारी ठेवून पाहत तेव्हा त्यांना याचे नवल वाटे.

हा तपशील मी मुद्दाम लांबवला. 'अगदी असंच पाहिजे' असे ज्या चित्राकडे बोट दाखवून म्हणायचे, ते चित्रच मुळी दोन घरांत 'अगदी असंच' नव्हते!

एक चित्र कसे वाचावे?

१८६० साली पॅरिसमध्ये 'ला मोद इल्युस्त्रे' हे साप्ताहिक निघाले. एमेलिन रेमाँ या त्याच्या संपादक होत्या. त्यातील किंवा 'मोनितर'मधील कोणतेही चित्र समोर घ्या. बहुधा त्यात दोन स्त्रिया असतात. एक समोरून दिसते आणि दुसरी पाठीमागून किंवा बाजूने. याचे कारण साधे आहे: शिवणाऱ्याला झग्याची पाठही दिसली पाहिजे. पण चित्रकार हे कारण लपवतो. एक मैत्रीण पत्र वाचते आहे आणि दुसरी खिडकीतून बाहेर पाहते आहे, असा प्रसंग तो रचतो. शिंप्याची सोय ही अशी कथा होऊन येते.

मग भोवतालचे पाहा. पियानो, संगमरवरी कठडा, बागेतला कारंजा, समुद्रकिनारा, नाट्यगृहातील खासगी कक्ष. चित्रात कोणी काम करताना दिसत नाही. फार तर हातात भरतकामाची चौकट असते. झगा विकत घ्यावा असे चित्र सांगते, पण त्याच्याबरोबर ती बाग, तो फुरसतीचा दुपारचा वेळ आणि ती मैत्रीणही मिळेल, असे न सांगता सुचवते. हात-पाय नको इतके लहान, कंबर मुठीत मावेल अशी, कापडावर एकही नको ती सुरकुती नाही. माझ्या आईच्या भाषेत, श्वास न घेणाऱ्या बाया.

शेवटी चित्राखालची ओळ वाचा. बहुतेकांचे लक्ष तिकडे जात नाही. झगा कोणत्या दुकानाचा, टोपी कोणाची, फुले कोणाकडची, काचोळी कोणत्या कारागिराची, अत्तर कोठले, हे तेथे नावनिशीवार छापलेले असते. म्हणजे वर कला आणि खाली जाहिरात, आणि दोन्ही एकाच पत्र्यावर कोरलेली.

या चित्रावर आणखी एक गोष्ट छापलेली असते, ती म्हणजे तारीख. मला ही सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्याकडे कापड फाटले की जुने होते. मग त्याची गोधडी होते, पायपुसणे होते. या चित्रांनी 'जुने' या शब्दाचा अर्थच बदलला. कापड धड असले तरी महिना उलटला की ते जुने. एका चित्राने एखादी गोष्ट हवीशी करायची आणि पुढच्या चित्राने तीच नकोशी करायची, हे दोन्ही व्यापार एकाच कागदाने केले.

इच्छेपासून खरेदीपर्यंत

केवळ चित्रांनी बाजार उभा राहत नाही. चित्राने जागवलेली इच्छा पुरी करण्याची साधने त्याच सुमारास एकामागून एक हाती आली, म्हणून हा बदल घडला. ती साधने थोडक्यात पाहू.

पहिले साधन शिलाई मशीन. सिंगर यांनी १८५१ मध्ये आपल्या मशीनचे पेटंट घेतले आणि १८५६ पासून त्यांची कंपनी ते हप्त्यांवर विकू लागली. हातात पैसा नसताना वस्तू घरी आणण्याची सवय ज्या वस्तूंनी लावली, त्यांत हे मशीन अग्रभागी आहे. दुसरे साधन कागदी नमुना, म्हणजे कापडावर ठेवून बेतण्याचा कागद. इंग्लंडमध्ये सॅम्युएल आणि इझाबेला बीटन या दांपत्याने १८६० मध्ये पॅरिसशी संधान बांधून आपल्या गृहिणींच्या मासिकात झ्यूल दाव्हिदची रंगीत चित्रे द्यायला सुरुवात केली आणि त्यांच्यासोबत नमुनेही दिले. अमेरिकेत एबेनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ पासून वेगवेगळ्या मापांचे तयार नमुने विक्रीला आणले. आता खेड्यातल्या बाईलाही पॅरिसचे चित्र आपल्या टेबलावर कापता येऊ लागले. तिसरे साधन रंग. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत कृत्रिम जांभळा रंग सापडला आणि मग झगझगीत रंगांची रांगच लागली. त्याच वर्षी पोलादी कड्यांचा पिंजऱ्यासारखा परकर निघाला. त्यामुळे झग्याचा घेर वाढला आणि घेराबरोबर कापडाचा खपही वाढला.

चौथे साधन सर्वांत मोठे: भव्य दुकान. पॅरिसच्या 'बाँ मार्शे' या दुकानात आरिस्तिद बुसिको १८५२ साली भागीदार म्हणून आले. त्यांनी काही साधे नियम केले. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली, घासाघीस नाही. आत येऊन नुसते पाहायला मोकळीक. घेतलेच पाहिजे असे नाही. माल न आवडल्यास परत. नफा थोडा, पण माल झटपट विकायचा. १८५२ मध्ये ज्या दुकानाची वार्षिक विक्री पाच लाख फ्रँकच्याही आत होती, ती १८७७ मध्ये बुसिको वारले तेव्हा सात कोटींच्या आसपास पोचली होती. दुकानाची चित्रमय सूची आणि कापडाचे नमुने टपालाने गावोगाव जात. एमिल झोला यांनी १८८३ मध्ये अशाच दुकानावर आपली प्रसिद्ध कादंबरी लिहिली.

'नुसते पाहायला मोकळीक' या नियमावर क्षणभर थांबू. फॅशनचित्राने बायकांना आधीच ही सवय लावली होती: घ्यायचे नसले तरी पाहायचे, मनात अंगावर घालून बघायचे. दुकानाची काचेची खिडकी म्हणजे त्या चित्राचेच मोठे रूप होय.

चित्राचे दोन चेहरे

येथवर वाचून ही चित्रे म्हणजे व्यापाऱ्यांनी बायकांसाठी लावलेला सापळा, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. मलाही झाला होता. पण तो एकांगी ठरेल.

पूर्वी उंची पोशाख कोणी घालावा हे जन्माने ठरे. युरोपात त्याबद्दल कायदेही होते. छापील चित्राने सरदारपत्नीच्या झग्याची बातमी शाळामास्तरणीला दिली आणि मशीनने तो शिवण्याची सोय दिली. ज्या 'गोडीज'ने कंबर आवळलेल्या बाया छापल्या, त्याच मासिकातून सारा हेल यांनी मुलींच्या उच्च शिक्षणाचा सातत्याने पुरस्कार केला. लेखिकांना लिहायला आणि चित्रकर्त्रींना काढायला जागा मिळाली ती याच पानांवर. मोठ्या कलावंतांनाही ही चित्रे तुच्छ वाटली नाहीत. बोदलेअरने १८६३ मधील आधुनिक जीवनाच्या चित्रकारावरील आपल्या निबंधाची सुरुवातच जुन्या फॅशनचित्रांच्या संग्रहापासून केली. कवी मालार्मेने १८७४ मध्ये एक फॅशनचे नियतकालिक चालवले आणि स्त्रियांची टोपणनावे घेऊन त्यातला मजकूर स्वतःच लिहिला. सेझानने १८७१च्या सुमारास 'ला मोद इल्युस्त्रे'मधील चित्रांवरून तैलचित्रे रंगवली.

दुसऱ्या बाजूला, हे चित्र वास्तव किती सहज बदलू शकते याचे एक बोलके उदाहरण आहे. १८४८ मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात राणी व्हिक्टोरिया आणि तिचे कुटुंब नाताळच्या झाडाभोवती उभे असल्याचे चित्र आले. १८५०च्या डिसेंबरात 'गोडीज'ने तेच छापले. फक्त राणीच्या डोक्यावरील रत्नजडित किरीट आणि प्रिन्स आल्बर्टच्या मिशा काढून टाकल्या. झाले! राजघराण्याचे अमेरिकन मध्यमवर्गीय घर बनले, आणि आपल्याही घरी असे झाड हवे असे हजारो घरांना वाटू लागले.

आता सर्वांत कठीण भाग. जून १८६३ मध्ये लंडनच्या एका प्रतिष्ठित शिवणगृहात मेरी ॲन वॉकली नावाची वीस वर्षांची मुलगी मरण पावली. नव्या युवराज्ञीच्या सन्मानार्थ होणाऱ्या नृत्यसमारंभासाठी उंची पोशाख तातडीने तयार करायचे होते. कोंदट खोलीत सुमारे तीस मुलींच्या दाटीवाटीत तिने सलग साडेसव्वीस तास काम केले होते. वर्तमानपत्रांतून मोठा गहजब झाला; पुढे १८६७ मध्ये मार्क्सने आपल्या 'कॅपिटल' ग्रंथात तिची नोंद केली. त्याच जुलैत 'पंच' साप्ताहिकात जॉन टेनिएल यांचे एक व्यंगचित्र आले. नवा झगा घातलेली एक श्रीमंत बाई आरशात पाहते आहे. शेजारी दुकानदारीण उभी आहे. आणि आरशात बाईला स्वतःऐवजी दिसते आहे शिवता शिवता कोसळलेली मुलगी.

मी शेकडो फॅशनचित्रे पाहिली. त्यांत आरसे पुष्कळ आहेत, पण असा आरसा एकाही चित्रात नाही. फॅशनचित्राच्या चौकटीत ते शिवणारे हात येऊच शकत नाहीत. आले तर चित्राचे काम बिघडेल. टेनिएलने त्याच साधनाने, म्हणजे कोरीव ठशाने, चौकटीबाहेरचे आत आणून दाखवले.

आपल्याशी संबंध

चौकटीबाहेरच्या या माणसांत आपली माणसेही होती. शतकाच्या पूर्वार्धातील चित्रांत बाईच्या खांद्यावर वारंवार काश्मिरी शाल दिसते. फ्रान्स ही तिची मोठी बाजारपेठ. स्कॉटलंडमधील पेझली येथे तिची स्वस्त नक्कल विणली जाई. १८७०च्या सुमारास झग्याचा घेर मागच्या बाजूला फुगला, शाल त्यावर नीट बसेना आणि ती चित्रांतून नाहीशी झाली. त्याच वर्षी फ्रान्स व प्रशियाचे युद्ध पेटले. मागणी कोसळली आणि पॅरिसचे नावही न ऐकलेल्या श्रीनगरच्या विणकरांचे माग थांबले. त्यांच्यावर १८७७ ते १८७९ चा दुष्काळही आला. चित्रातून एक वस्त्र गळले, याचा अर्थ केवढा होऊ शकतो ते येथे दिसते.

रंगीत छापील चित्राचे सामर्थ्य आपल्या महाराष्ट्रानेही लवकरच अनुभवले. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे मळवलीला गेला. तेथील लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या त्या देव्हाऱ्यासाठी. फॅशनसाठी त्या कोणी घेतल्या नाहीत, हे खरे. पण पुढे तशाच चित्रांच्या दिनदर्शिका झाल्या आणि त्यांच्या खाली साबणाची, तेलाची, औषधाची नावे आली. वर चित्र आणि खाली दुकान, ही पॅरिसची जुनी मांडणी येथेही अवतरली.

समारोप

१८९९ मध्ये थॉर्स्टीन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने लिहिले की, फुरसतवाला वर्ग वस्तू वापरतो त्यापेक्षा अधिक मिरवतो. मला वाटते, त्याच्या आधीची पायरी फॅशनचित्राने तयार केली. मिरवण्यापूर्वी काय मिरवायचे हे पाहावे लागते, आणि ते रोज, घरबसल्या, पुनःपुन्हा पाहायची सोय या चित्रांनी केली. त्या सोयीतून आनंद आला, हौस आली, बायकांच्या हाताला काम आले. त्याच सोयीतून कधी न शमणारे असमाधानही आले.

म्हणून चित्र पाहूच नये, असे मी म्हणणार नाही. मला स्वतःला अनाईस तुदूझची चित्रे आता फार आवडतात. एवढेच म्हणेन की चित्र पाहताना चार प्रश्न विचारावेत. याच्या खाली कोणाचे नाव आहे? याच्यावर तारीख कोणती आहे? यातल्या माणसाला श्वास घ्यायचा आहे का? आणि चौकटीच्या बाहेर कोण बसले आहे?

लेख लिहून झाल्यावर मी तो आईला वाचून दाखवला. मेरी ॲन वॉकलीपाशी आली तेव्हा तिने मशीन थांबवले. थोड्या वेळाने म्हणाली, "साडेसव्वीस तास? आणि जेवायला?" मला उत्तर देता आले नाही. कोणत्याही पुस्तकाने ते मला सांगितले नव्हते, आणि खरे सांगायचे तर तो प्रश्न मला सुचलाही नव्हता.

त्या मुलीची राहिलेली निम्मी शिलाई अजून आलेली नाही. आईने भिंतीवर नवा तक्ता मात्र लावला आहे. गळ्यांचा नव्हे, शिलाईच्या दरांचा. तो मी माझ्या अक्षरात लिहून दिला आहे.